माइक घेण्याआधी पंख्याकडे बघा!
चेन्नईत राहता आणि घरीच गाणं रेकॉर्ड करायचंय? मग माइक घ्यायला रिची स्ट्रीट गाठण्याआधी डोक्यावरच्या पंख्याकडे बघा. कंडेन्सर माइक तानपुऱ्याचा बारीक झंकार टिपतो, तशीच पंख्याची घरघर आणि खालच्या रिक्षाचा हॉर्नही! त्यातल्या त्यात ‘कार्डिऑइड’ घ्या. तो समोरचा आवाज जास्त, मागचा कमी घेतो. एक्सएलआर जोडणीच्या कंडेन्सरला सहसा 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते, म्हणजे ऑडिओ इंटरफेसचा खर्च वेगळा. बजेट कमी असेल तर यूएसबी माइक थेट लॅपटॉपला जोडता येतो. पण मे महिन्यात पंखा बंद ठेवणं जमणारच नसेल, तर माझ्या मते डायनॅमिक माइकच बरा. तोही यूएसबीत मिळतो. फक्त तोंडाजवळ धरून गायचं.