पाहुण्याला समुद्र दाखवताना

दिवाळी आटोपली की आपल्या कोकणात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. घाटावरचे व्याही येतात, मुंबईची भाचरे येतात. अलीकडे लॉजवर उतरण्यापेक्षा किनाऱ्यावर तंबू ठोकून सहकुटुंब एक-दोन रात्री काढण्याची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. मोकळी हवा आणि चालणे यांनी प्रकृतीला फायदाच होतो. परंतु माझे स्पष्ट मत असे, की अशा सहलीत पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची असते. किनाऱ्यावर फलक लावला आहे, एवढ्याने ती संपत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावचे ८ जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता आणि बुडालेली मुले बाहेरगावची होती. समुद्र शांत दिसला म्हणजे सुरक्षित असतो, हा बाहेरच्या माणसाचा समज असतो. तो दूर करणे आपले काम आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही तोंडवळीला सुरूच्या बनात तंबू ठोकले होते. सोबत मुलीचे सासरे होते, लातूरचे. वय बासष्ट, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू. दुपारी ओहोटीच्या वेळी ते म्हणाले, "मांजरा नदीत पोहून वाढलोय मी, जरा आत जाऊन येतो." त्यांनी निवडलेली जागाही नेमकी अशी, की दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा संथ होता. मुलगी हळूच मला म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा." व्याह्यांना नाही म्हणणे आपल्याकडे किती अवघड, हे वाचकांना सांगायला नको. पण मी नाही म्हटले. जाळे साफ करणाऱ्या एका दर्यावर्दी काकांनीही हाक मारली, "थंय जांव नकात, पाणी भायर ओढता!" व्याही थोडे नाराज झाले आणि घोट्याएवढ्या पाण्यात फिरून आले.

तो संथ पट्टा म्हणजेच धोका असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी अशाच वाटेने जोरात परत जाते. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो आणि दमून बुडतो. अशा वेळी पाण्यावर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि ओढीतून सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहावे. वाचवायला दुसऱ्याने रिकाम्या हाताने उडी टाकू नये. दोर किंवा रिकामा बंद कॅन फेकावा.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत अजून चालू आहे, ती सोडावी. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा, दर ३० दाबांनंतर २ श्वास. त्याच वेळी कोणीतरी १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आलेला माणूस खोकत असेल किंवा त्याला धाप लागत असेल, तर "आता बरा आहे" म्हणून तंबूत निजवू नये. पाण्याचा फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनीही दिसतो.

आता जेवणाकडे वळू. त्या संध्याकाळी चूल पेटलेली पाहून व्याह्यांनी सुई काढली. मी त्यांना ताट समोर येईपर्यंत थांबवले. वाऱ्याने चूल दोनदा विझली आणि भात व्हायला तासभर गेला. जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन माणूस असा उपाशी राहिला, तर रक्तातली साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नये, दवाखाना गाठावा. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या पिशवीत घालून ठेवावे.

"डॉक्टर, तुम्ही सहलीची मजा घालवता," असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. निघण्यापूर्वी पाहुण्याला औषधे विचारणे, सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय माहीत करून घेणे आणि भरतीचा हिशेब पाहणे, याला पंधरा मिनिटे पुरतात. आपल्या वाडवडिलांचा आडाखा सोपा आहे: तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. मात्र भरती असो वा ओहोटी, कुठे उतरावे हे गावातल्या दर्यावर्दीलाच विचारावे.

आपण पाहुण्याला सोलकढीचा आणखी एक पेला घ्या म्हणून आग्रह करतो. तेवढ्याच आग्रहाने त्याला "इथे पाण्यात उतरू नका" असेही सांगावे. तो रुसला तर रुसू द्यावा. रुसलेल्या पाहुण्याची समजूत संध्याकाळच्या चहावर काढता येते.