कृष्णाकांठचीं झाडें व आपलें कर्तव्य

वृक्षारोपणाचा काळ आला म्हणजे गांवोगांव रोपें वाटलीं जातात. हा उत्साह स्तुत्य खरा. परंतु घाटमाथ्यास जें रोप तेंच कराड-सांगलीकडील मळ्यास, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. कोठें काय लावावें हें कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहिलें असतां आपोआप कळतें.

महाबळेश्वरीं वर्षास सरासरीनें ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथें जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचें दाट रान आहे. पूर्वेस पांचगणीस येईपर्यंत पाऊस निम्म्याहून कमी होतो, आणि वाईस तो १,००० मिलिमीटरही भरत नाहीं. सरळ रेषेनें हें अंतर पुरतें ३० किलोमीटरही नाहीं! त्याबरोबर रान पालटतें. उतारांवर ऐन, किंजळ, बेहडा. पुढें कोरड्या डोंगरांवर धावडा, सालई, खैर. आणि सपाटीस हिवर, बोर, कडुनिंब व बाभूळ. कोयनेचाही उगम महाबळेश्वरींच. पण ती हेळवाकापर्यंत सह्याद्रीच्या कडेनें दक्षिणेस, म्हणजे पावसाच्या पट्ट्यांतूनच, वाहते. म्हणून तिच्या खोऱ्यांत सदाहरित रान दूरवर आढळतें.

यांत जांभळाचें झाड विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. माथ्यावर तें डोंगरभर वाढतें. खालीं कोरड्या मुलखांत तें आपण होऊन उगवतें तें बहुधा ओढ्याच्या वा नदीच्या कडेसच. आकाशानें जें द्यावयाचें तें तेथें नदी देते. करंज, उंबर, अर्जुन व वाळुंज हे त्याचे सोबती. यांचीं मुळें ओलीस व पुराच्या लोंढ्यास सरावलेलीं असून कांठची माती धरून ठेवितात.

हाच पट्टा आपण तोडला. ऊंस पाण्याच्या कडेपर्यंत नेला. २००५, २०१९ व २०२१ सालचे महापूर झाडांनीं अडले असते, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उघडा कांठ पुरांत अधिक खचतो, हें नदीकांठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेंच राहतें. वाहून गेलेली माती मात्र परत येत नाहीं.

झाडांच्या सावलीनें उंसाच्या दोन ओळी बसतात, हा आक्षेप खोटा नाहीं. पण दोन ओळींचें उत्पन्न एका सालाचें, आणि गेलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची. शिवाय एकट्यानें कांठ राखून भागत नाहीं; शेजाऱ्याचा कांठ उघडा असल्यास पाणी तेथून आंत शिरतें. यासाठीं एका गांवच्या कांठवाल्यांनीं मिळून हा पट्टा राखावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. कांठास करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. काळ्या रानाच्या बांधास बाभूळ व निंब. माळास हिवर, खैर, बोर. रोपें वाटणाऱ्यांकडे हींच मागावीं, आणि न मिळाल्यास बीं जमवून आपणच रोपें करावीं. आपल्याच ओढ्याकांठीं जें जुनें झाड उभें आहे, त्याच्याहून खात्रीचें बीं दुसरें कोठलें?