हॉस्पिटलच्या दारात समाजशास्त्र

आपल्याकडे मूल हुशार निघाले की घरचे दोनच वाटा दाखवतात, मेडिकल नाहीतर इंजिनियरिंग. मी दुसऱ्या वाटेने आलो. सॉफ्टवेअरवर घर चालते, तक्रार नाही. पण समाजशास्त्र घेणाऱ्या मुलीला ‘त्याचा उपयोग काय?’ असे कुणी विचारले की मी ब्रायन टर्नर यांचे नाव घेतो.

टर्नर यांचा जन्म 1945 चा, बर्मिंगहॅमचा. 1974 मध्ये त्यांचे ‘वेबर अँड इस्लाम’ हे पुस्तक आले. मॅक्स वेबर यांनी इस्लामला लढवय्यांचा धर्म ठरवून टाकले होते. मुस्लिम मुलखांत आधुनिक भांडवलशाही का रुजली नाही, याचे उत्तर टर्नर यांनी श्रद्धेत शोधले नाही. मालमत्ता आणि कायदा सुलतानाच्या मर्जीवर चालवणाऱ्या राज्यव्यवस्थेकडे त्यांनी बोट दाखवले. विशेष म्हणजे हा धागा खुद्द वेबर यांच्याच लिखाणात होता. आज टीव्हीवर आपल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण मजहबात शोधणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. (आपल्यातल्याही काहींनी.)

हाच माणूस पुढे शरीर आणि आजार यांकडे वळला. 1984 मध्ये ‘द बॉडी अँड सोसायटी’, 1987 मध्ये ‘मेडिकल पॉवर अँड सोशल नॉलेज’. काहींना हा विषयबदल वाटतो, मला तो एकच प्रश्न वाटतो: दोष माणसात शोधायचा की व्यवस्थेत? टर्नर आजार तीन पातळ्यांवर पाहतात. रुग्णाला काय सोसावे लागते, डॉक्टर आणि हॉस्पिटल त्याला काय ठरवतात, आणि आरोग्यसेवेमागचे अर्थकारण व सत्ता कुणाच्या हातात आहे.

मालेगाव किंवा भिवंडीचा यंत्रमाग कामगार घ्या. तो खोकतो. डॉक्टर सांगतात, टीबी आहे, आराम करा, चांगले खा. त्याची मजुरी विणलेल्या कापडावर, त्यामुळे आराम म्हणजे उपास. त्यात दाटीची वस्ती आणि कोंदट खोली. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. तरीही कोर्स मध्येच सुटला की कागदावर शेरा येतो: रुग्ण निष्काळजी.

2006 च्या ‘व्हल्नरेबिलिटी अँड ह्यूमन राइट्स’मध्ये टर्नर मानवी हक्कांचा पाया शरीराच्या याच नाजूकपणावर ठेवतात. दुखणे सगळ्यांना येते, म्हणून हक्कही सगळ्यांचे.

आपल्या वस्त्यांतून डॉक्टर निघत आहेत, आनंद आहे. पण तो ‘निष्काळजी’ शेरा कुणी लिहिला आणि का, हे लूमवर जाऊन विचारायला एमबीबीएस पुरत नाही. त्यासाठी घरातल्या एकाला तरी समाजशास्त्र शिकू द्या.