अभेद्य कवच आणि आमची जाळी

शेजारच्या चिरंजीवांनी विज्ञानकथा लिहिली आणि ऐकवायला आमचंच घर निवडलं. कामोठ्यात संध्याकाळी सातनंतर दार उघडायचं म्हणजे खाडीवरच्या डासांना अक्षत देण्यासारखं! पण शेजारधर्म!

कथेत अवकाशातली एक युद्धनौका होती. कवच अभेद्य आणि तोफ अशी, की एका किरणात अख्खा ग्रह खलास.

"कशी वाटली, काका?"

"बाळा, पहिल्याच पानावर संपली रे! जिला काही होणारच नाही, तिच्या कप्तानाची काळजी मी कशाला करू?"

माझं म्हणणं साधं आहे. ज्याची किंमत मोजावी लागत नाही ते शस्त्र नव्हे, तो वर! आणि वर द्यायला देव लागतो, इंजिनिअर नव्हे. आमच्या खिडकीची जाळी घ्या. डास अडवते, तसा वाराही अडवते. कॉइल लावली की डासांआधी मीच गॅलरीत पळतो. डास मारायची बॅट उत्तम, पण ऐन हल्ल्यात तिचं चार्जिंग संपतं. नौकेचंही तेच. पोकळीमुळे थर्मासातला चहा तासन्‌तास गरम राहतो. अवकाश म्हणजे तर नुसती पोकळीच. ही तोफ चारदा डागली, की शत्रू राहील बाजूला, आपलेच खलाशी उकडून निघतील. उष्णता बाहेर टाकायला मोठाले पंखे... छे, वाराच नाही! पत्र्यांचे पंख लावावेत, तर शत्रूला नेम धरायला तेच सोपे.

खरं आरमार उणिवांवरच चालतं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र-बोटींचा पल्ला तोकडा होता. म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना वाटेत ओढून नेलं. आणि पाचच दिवसांनी दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने आपली 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी, १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. अभेद्य कवचाच्या कथेत अशा माणसाला जागाच नसते. माझा राग आहे तो यावर.

चिरंजीव गप्प झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"काका, कवचाला एक भोक ठेवलंय."

"शाबास! आता त्या भोकापाशी कुणाला तरी उभा कर. गोष्ट तिथून सुरू होते."

एवढं बोललो आणि कानाशी गुणगुण ऐकू आली. आमच्या जाळीचं भोक कुठे आहे ते मी अजून शोधतोय.