लिव्हर बदलायचं की औषध घ्यायचं?

परवा आपल्याच एका वाचकाचा फोन. "साहेब, वडील असेच गेले. आधी पायाला मुंग्या, मग चटका बसलेला कळंना. काकांचंही तेच. आता मला सुरू झालंय. लिव्हर बदलू की औषध घेऊ?"

मी पत्रकार, डॉक्टर नव्हे. पण वाचलं, जाणकारांना विचारलं, ते मांडतो.

आजार आनुवंशिक अमायलॉइड न्यूरोपथी. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन मुख्यतः लिव्हर बनवतं. जनुकात खोट असली की ते बिघडून नसांमध्ये, हृदयात साचतं. आपल्याकडं मात्र 'शुगर असंल', 'मागावर उभं राहून होतंय' म्हणण्यातच वर्षं जातात.

१९९० मध्ये स्वीडनमध्ये या आजारासाठी पहिल्यांदा लिव्हर बदललं. सूतच खराब येतंय तर माग दुरुस्त करून काय उपयोग, असा सरळ हिशोब. तरुण आणि लवकर आलेल्या रुग्णांना फायदा झाला. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. हृदयातला साठा काहींमध्ये पुढंही वाढतो. शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर, म्हणजे औषध सुटत नाहीच.

नंतर औषधं आली. टॅफामिडिसला युरोपात २०११ मध्ये मान्यता मिळाली, ते प्रथिन टिकवून धरतं. २०१८ चं पॅटिसिरान त्याची निर्मितीच घटवतं. काही रुग्णांची तब्येत सुधारली, म्हणून जग औषधाकडं वळलं. माझंही मत, पहिला हक्क औषधाचाच.

पण किंमत? केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात, यादीत बसणाऱ्या आजाराला ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रांतून. औषध जन्मभराचं आणि मदतीला मर्यादा, हे गणित कुठल्या बाबूनं मांडलं? किंमत उतरू शकते. एसएमए या नसांच्याच आनुवंशिक आजारावरचं रिसडिप्लाम घ्या. २०२५ मध्ये कोर्टानं नॅटकोला वाट मोकळी केली, आणि लाखांची बाटली हजारांवर आली. आपल्या खासदार-आमदारांनी हा विषय कधी काढलाय का?

आणि एक गोष्ट. आपल्याकडं लिव्हर बहुतेक वेळा घरचाच माणूस देतो. या आजारात रुग्णाच्या सख्ख्या भावंडात, मुलांत तीच खोट असण्याची शक्यता निम्मी. त्या वाचकाला मी एवढंच म्हटलं, आधी जनुकाची तपासणी करा. तुमची, आणि लिव्हर द्यायला तयार झालेल्या धाकट्या भावाचीही.