विश्लेषण : नाव एक, पॅरामीटर दोन! बीआयएममधला हा घोळ कोणी निस्तरायचा?

रुग्णालय असो, मेट्रो स्थानक असो की व्यापारी संकुल, मोठी इमारत आता जमिनीवर येण्याआधी संगणकात उभी राहते. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात बीआयएममध्ये भिंत म्हणजे नुसत्या दोन रेषा नसतात. तिची जाडी, साहित्य, आगीत ती किती मिनिटे टिकेल ही माहितीही तिच्यासोबत साठवलेली असते. माहितीच्या अशा प्रत्येक रकान्याला पॅरामीटर म्हणतात. मालक खूश होतो तो त्रिमितीय चित्रे पाहून, पण मॉडेलवर केलेला खर्च वसूल होतो तो या रकान्यांतून. आणि अनेक कार्यालयांत नेमके हेच रकाने बेवारस असतात.

शेअर्ड आणि प्रोजेक्ट पॅरामीटर म्हणजे काय?

आपल्याकडच्या वास्तुविशारदांच्या कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या रेव्हिटचे उदाहरण घेऊ. ऑटोडेस्कने २००२ मध्ये विकत घेतलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट पॅरामीटर हा त्या एका प्रकल्पाच्या फाइलपुरता असतो. तो शेड्यूलमध्ये, म्हणजे दारे-खिडक्यांच्या तक्त्यात घेता येतो. नकाशावर दाराशेजारी जो टॅग लागतो, त्यात मात्र तो येत नाही. शेअर्ड पॅरामीटरची व्याख्या प्रकल्पाबाहेरच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. तो अनेक प्रकल्पांत, तयार घटकांत (म्हणजे ‘फॅमिली’त) आणि टॅगमध्येही चालतो.

खरी मेख इथेच आहे. शेअर्ड पॅरामीटर तयार होताना त्याला एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो, त्याला जीयूआयडी म्हणतात. सॉफ्टवेअर पॅरामीटर ओळखते ते या क्रमांकावरून, नावावरून नव्हे. एका गावात सुरेश पाटील नावाचे दोघे असतील, पण त्यांचे आधार क्रमांक वेगळे असतात, तसेच हे.

मग घोळ होतो कुठे?

समजा, एका रुग्णालयाच्या मॉडेलवर तीन जण काम करत आहेत. एकाने ‘अग्निरोध’ नावाचा शेअर्ड पॅरामीटर केला. दुसऱ्याच्या संगणकावर वेगळीच टेक्स्ट फाइल जोडलेली होती. त्याला तो यादीत दिसला नाही, म्हणून त्याने त्याच नावाचा नवा केला. तिसऱ्याने उत्पादकाच्या संकेतस्थळावरून दाराची फॅमिली उतरवून घेतली, तिच्यासोबत आणखी एक आला. आता शेड्यूलसाठी रकाना निवडताना एकाच नावाचे तीन पर्याय समोर येतात. कोणताही निवडा, काही दारांपुढे जागा रिकामीच राहते. टॅग तर फक्त आपल्या क्रमांकाचा पॅरामीटर वाचतो, त्यामुळे माहिती भरलेली असूनही नकाशावर ती दिसत नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे मुदतीच्या आदल्या रात्री कोणीतरी कनिष्ठ सहकारी बसून ते रकाने हाताने भरतो. त्यात एकाने ‘१२०’ लिहिलेले असते, दुसऱ्याने ‘२ तास’. पॅरामीटर आकड्याऐवजी मजकुराच्या प्रकारचा केला असेल, तर सॉफ्टवेअरला दोन्ही चालतात, फक्त गाळणी लावून दारे शोधताना निम्मी सापडत नाहीत. प्रकार नंतर बदलता येत नाही. पॅरामीटर काढून नवा करावा लागतो आणि नवा म्हणजे नवा क्रमांक!

टेक्स्ट फाइल हरवली की आणखी एक चूक होते. लोक आठवणीने तीच नावे पुन्हा टंकतात. वास्तविक जुन्या फॅमिलीत व्याख्या शाबूत असते. तिथून ती नव्या शेअर्ड फाइलमध्ये निर्यात करता येते आणि क्रमांकही जुनाच राहतो. हे बटण रेव्हिटमध्येच आहे, पण तिथवर हात क्वचितच जातो.

शिस्त म्हणजे नेमके काय?

कार्यालयाची शेअर्ड पॅरामीटर फाइल एकच हवी, सर्व्हरवर एकाच जागी. इतरांना ती वाचता यावी, बदलता येऊ नये. बदलाचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि त्या कामाचा वेळ तिच्या पगारी तासांत धरलेला असावा. नावांना कार्यालयाची ठरलेली आद्याक्षरे जोडली, की बाहेरून आलेला पाहुणा लगेच ओळखू येतो. तपासणीची स्थिती, पत्रकांची क्रमवारी अशा घरगुती नोंदींना प्रोजेक्ट पॅरामीटर पुरतो. त्यासाठी शेअर्ड फाइल फुगवू नये.

फुगवण्याचा सोस हा दुसरा रोग. ‘असू द्या, पुढे लागेल’ म्हणत काही कार्यालये शेकडो पॅरामीटरची टेम्प्लेट मिरवतात. माझ्या मते कसोटी एकच : हा रकाना कोणत्या शेड्यूलमध्ये येणार आणि तो वाचणार कोण? उत्तर नसेल तर रकाना नको. रिकामे रकाने पाहण्याची सवय लागली, की महत्त्वाचा रकाना रिकामा राहिला तरी तो खटकत नाही.

हा प्रश्न कार्यालयाबाहेर का जातो?

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा जीव गेला. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या २०१८ च्या अहवालाने इमारतीच्या माहितीचा ‘सुवर्णधागा’ रचनेपासून वापरापर्यंत अखंड राखण्याची शिफारस केली आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी ती जबाबदारी बंधनकारक झाली. कोणते दार किती मिनिटे आग अडवते, हे दहा वर्षांनी विचारले तरी सांगता आले पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. पुण्या-मुंबईतून परदेशी प्रकल्पांची मॉडेल करणाऱ्यांना त्यामुळे ग्राहकाची पॅरामीटर यादी काटेकोरपणे पाळावी लागते. तीच माणसे इथल्या प्रकल्पावर बसली की यादी कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही.

लहान कार्यालये म्हणतात, एवढा वेळ कोणाकडे आहे? तक्रार खोटी नाही. वीस-पंचवीस पॅरामीटरची यादी करायला मात्र एक दुपार पुरते. ती चर्चा मॉडेल सुरू होण्याआधी व्हावी लागते, इतकेच. आयएसओ १९६५० या २०१८ पासूनच्या मानक मालिकेतही माहितीची गरज आधी मांडण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे. आपल्याकडे ‘बीआयएम मॉडेल सादर करावे’ एवढ्या एका ओळीवर निविदा निघाली, तर कंत्राटदार देखणे, पोकळ मॉडेल देऊन मोकळा होऊ शकतो. त्या ओळीसोबत पॅरामीटरची यादी आणि शेअर्ड फाइल जोडावी आणि शेवटचे बिल मंजूर करण्यापूर्वी दारांचे शेड्यूल उघडून रिकामे रकाने मोजावेत.