गॅमा किरणांचा आराखडा झाशीतही मांडता येईल

झाशीत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अणुकेंद्राचे संशोधन दूरचे वाटते. यंत्रे इंदूर-मुंबईला, आपल्या वाट्याला बातम्या! ही समजूत मला मान्य नाही. अशा संशोधनाचा पहिला टप्पा गणिताचा असतो आणि त्याला यंत्र लागत नाही.

१९२३ साली आर्थर कॉम्प्टन यांनी दाखवून दिले की, इलेक्ट्रॉनवर आदळलेला क्ष-किरण आपली काही ऊर्जा गमावतो. आता उलट विचार करा. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवर समोरून लेसर सोडला, तर ऊर्जा मिळते ती प्रकाशकणाला. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’मध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. तेथे लॉरेंट्झ गुणक सुमारे ४,९०० येतो; त्याच्या वर्गाची चौपट सुमारे ९.६ कोटी. कार्बन डायऑक्साइड लेसरचा ०.११७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाशकण एवढ्या पटीने वाढला की सुमारे १.१ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण होतो. अनेक जड अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन बाहेर काढायला तो पुरेसा आहे.

मग अधिक ऊर्जेच्या प्रकाशकणाचा, १०६४ नॅनोमीटरचा लेसर का नको? त्याने गॅमा किरण सुमारे १०.७ कोटींवर जाईल. पण प्रत्येक टकरीत इलेक्ट्रॉन चार टक्क्यांहून अधिक ऊर्जा गमावेल आणि कक्षेत टिकणे कठीण होईल. पहिल्या पर्यायात हा तोटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे येथे दुबळा प्रकाशकणच शहाणपणाचा.

या किरणांचे खरे वैशिष्ट्य निवडीचे आहे. सर्वाधिक ऊर्जा अक्षावर असते आणि कोन वाढताच ती घटते. ३० मीटर अंतरावर अक्षापासून अवघ्या ६ मिलिमीटरवर ती निम्मी होते. शिशाच्या ठोकळ्यातील बारीक छिद्राने हवी ती ऊर्जा वेचता येते. इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून मिळणाऱ्या गॅमा किरणांत मात्र सर्व ऊर्जांची सरमिसळ असते. अर्थात इलेक्ट्रॉन-झोताचा स्वतःचा पसारा ही निवड पुसट करतो. आराखड्याची कसोटी तेथेच लागते.

शांघायमध्ये ३५० कोटींचे इलेक्ट्रॉन आणि हाच लेसर वापरून सुमारे २.१७ कोटींपर्यंतचे गॅमा किरण मिळवले जातात. आक्षेप असा येईल की ‘इंडस-२’ मुख्यतः सिंक्रोट्रॉन प्रारणासाठी आहे, त्यात ही भर कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच किती इलेक्ट्रॉन खर्ची पडतील, इतरांच्या प्रयोगांना किती झळ बसेल, याचा हिशेब आधी हवा. तो हिशेब विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वरचे सारे आकडे पदवीच्या सापेक्षतावादातून निघतात. वही उघडा आणि तपासून पाहा; चूक सापडली तर अवश्य कळवा.